गोचीड चिकटली तर: आधी, त्याच संध्याकाळी आणि पुढचे तीन आठवडे

गोचीड चावली की आपल्याकडे माणसं दोन प्रकारे वागतात. एक जण तिला नखाने उपटतो, दोन नखांत टचकन फोडतो, जागेवर चुना लावतो आणि विसरून जातो. दुसरा रात्रभर मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघत अंगावर लाल कडं शोधतो आणि सकाळी मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून गिळतो. चूक दोघांचीही होते. लाल कडं हे तिकडे गोचिडीतून होणाऱ्या लाइम आजाराचं लक्षण आहे. विदर्भात शोधायची खूण वेगळी आहे, आणि तिची वेळही पुढे दहा-पंधरा दिवसांनी येते.

हा लेख पायी फिरणाऱ्यांसाठी आहे: मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठी पक्षी बघणारे, गळ टाकून बसणारे, धुऱ्यावर पालथे पडून फोटो काढणारे, श्रावणात काटवलं शोधत झुडपात शिरणारे. ताडोबात किंवा पेंचमध्ये जिप्सीत बसून सफारी करणाऱ्याला यातला धोका फारसा नाही. झुडपी जंगल, पडीक वावर, गवताळ पांदण, गुरांच्या कोठ्याच्या मागची जागा, तलावाची पाळ, खरी गाठ पडते ती इथे.

## आधी एवढं डोक्यात पक्कं करा: जीव दोन आहेत

पहिली गोचीड. ती डोळ्यांनी दिसते. नुकतं जन्मलेलं पिल्लू एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, तर रक्त पिऊन टम्म झालेली मादी सेंटिमीटरभर होते. ती दिवसेंदिवस चिकटून राहते आणि ओढून काढावी लागते. कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीतून रिकेट्सिया जातीच्या जंतूंचा, अंगावर ठिपके उठवणारा ताप येऊ शकतो. असे बालरुग्ण अकोल्याच्या बाजूलाही सापडलेले आहेत, त्यामुळे ही लांबच्या मुलखातली गोष्ट समजू नका.

दुसरा चिगर, म्हणजे माइट नावाच्या बारीक जिवाची अळी. आकार साधारण ०.२ मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. तो चावतो, काही दिवस चिकटतो आणि आपोआप गळून पडतो. स्क्रब टायफस हा जिवावर बेतू शकणारा ताप याच्यामुळे होतो, गोचिडीमुळे नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात याच आजाराची साथ आली होती आणि माणसं दगावली होती.

म्हणून "मला गोचीड सापडलीच नाही, मग कसला धोका" हा हिशेब इथे चालत नाही. चिगर सापडत नसतोच. पाऊस ओसरायला लागल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस त्याच्या जोराचे. गोचिडी मात्र उन्हाळ्यातही भेटतात.

## पायरी १: पिशवीत काय असावं

- टोकदार चिमटा. भुवया कोरायच्या चिमट्याचं टोक चपटं असतं, त्याने गोचिडीचं पोट दाबलं जातं. टोकं सुईसारखी निमुळती हवीत. असा चिमटा घड्याळ दुरुस्तीच्या सामानात मिळतो.
- रुंद सेलोटेप किंवा पॅकिंगची चिकटपट्टी. हिचा उपयोग पुढे सांगतो.
- झाकणाची छोटी डबी, साबणाची वडी, बीटाडीन किंवा स्पिरिट.
- अंगाला लावायचं कीटकरोधक. डीईईटी हे रसायन असलेलं घेणार असाल तर २० ते ३० टक्क्यांचं बघा. डासांसाठीचं साधं क्रीम काहीच नसण्यापेक्षा बरं, पण त्याच्या भरवशावर गवतात लोळू नका.
- बसायला जाड प्लास्टिकची पट्टी किंवा घोंगडी. मासे धरणाऱ्यांनी आणि फोटोवाल्यांनी ही विसरूच नये, कारण तासन्‌तास एका जागी बसणारे तेच.

इशारा: जनावरांच्या गोचिडीसाठी जे औषध पाण्यात मिसळून फवारतात, ते स्वतःच्या कपड्यांवर किंवा अंगावर मारू नका. "बैलाला चालतं, मग मला का नाही" असं म्हणून शर्ट त्या पाण्यात बुडवणारे लोक आहेत. ते कीटकनाशक आहे, घामाबरोबर कातडीतून आत जातं आणि श्वासावाटेही जातं.

## पायरी २: कपडे आणि लेप, याच क्रमाने

फिकट रंगाची पूर्ण पॅन्ट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. फिकट अशासाठी की वर चढणारी गोचीड दिसते. काळ्या-हिरव्या छावणी छापाच्या कपड्यांवर ती दिसत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक फोटोवाल्यांचा नेमका तोच गणवेश.

पॅन्टचे पाय मोज्यांत खोचा, शर्ट पॅन्टमध्ये खोचा. गोचीड झाडावरून उडी मारत नाही. ती गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून बसते, तुम्ही घासून गेलात की धरते आणि खालून वर चढत जाते. पँट मोज्यांत खोचलेली असली तर तिला कपड्यांच्या बाहेरूनच चढावं लागतं आणि तेवढ्यात ती तुमच्या नजरेत येते. कुसळं मोज्यांत शिरून टोचतात म्हणून पुष्कळ जण मोजे काढून चपलांवर फिरतात. त्यापेक्षा घट्ट विणीचे लांब मोजे घ्या.

लेप लावताना ऊन-संरक्षक क्रीम आधी, ते मुरल्यावर कीटकरोधक. मनगटं आणि मान सोडू नका. लहान मुलांच्या तळहातांना ते लावू नका, हात तोंडात जातात. कपड्यांच्या आतल्या कातडीलाही लावू नका.

तपासा: वाकून बघा. घोट्याजवळ उघडी कातडी दिसते का? दिसत असेल तर पुन्हा खोचा.

## पायरी ३: फिरताना

वाटेच्या मधून चाला. रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीत, गुडघाभर गवतात, गुरं दुपारी बसतात त्या झाडाखाली आणि रानडुकरांच्या लोळणीजवळ थांबू नका. बसायचं असेल तर उघडा दगड बघा किंवा आपली पट्टी अंथरा. बॅग आणि दुपट्टा गवतावर टाकायचा नाही. दुपट्टा तर नाहीच, कारण थोड्या वेळाने तोच गळ्यात जातो.

लोक सांगायला लाजतात ते मी सांगतो. झुडपात शौचाला किंवा लघवीला बसताना जांघ आणि ढुंगण गवताला टेकतं, आणि चिगर चावल्याची खूण पुष्कळदा जांघेतच सापडते. मोकळी, उघडी जमीन निवडा. पाय घासून गवत बाजूला सारल्याने काही साधत नाही.

दर तासाला पायांवरून नजर फिरवा. पॅन्टवर एकदम डझनावारी बारीक तपकिरी ठिपके चालताना दिसले तर तुम्ही नुकत्याच जन्मलेल्या गोचिडींच्या पुंजक्यातून गेलेले असता. झटकून त्या जात नाहीत. चिकटपट्टी हाताभोवती उलटी गुंडाळा, चिकट बाजू बाहेर, आणि पॅन्टवर दाबत दाबत खालून वर जा. पट्टी भरली की घडी घालून डबीत टाका.

## पायरी ४: घरी आल्यावरचा पहिला तास

सगळ्यात जास्त आळस इथेच होतो. चहा, आंघोळीआधी थोडं पडणं, त्याच कपड्यांत गादीवर. क्रम असा ठेवा:

१. कपडे अंगणातच किंवा न्हाणीत उतरवा आणि थेट बादलीत टाका. खुंटीला लटकवू नका, गादीवर टाकू नका.

२. बादलीत कढत पाणी ओता, उकळीच्या जवळचं. गार पाण्याने आणि साबणाने गोचीड मरत नाही, धुण्यातूनही ती जिवंत निघते. लोकरीचे किंवा कढत पाणी न चालणारे कपडे पिशवीत बांधून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कडक उन्हात उलटे करून वाळवा.

३. लगेच आंघोळ करा. साबण लावून टॉवेलने किंवा घासणीने अंग चोळा. चिगरवर हाच इलाज चालतो, कारण तो दिसत नाही आणि चिमट्यात येत नाही. नीट चोळल्याने तो चिकटण्याआधीच निघतो.

४. मग उजेडात उभं राहून तपासणी. जागा ठरलेल्या आहेत: केसांची रेघ, कानामागे, मान, काख, स्तनांखाली, बेंबी, कमरेच्या नाड्याची ओळ, जांघ, पुरुषांना वृषणांच्या भोवती, गुडघ्यामागे, पायाच्या बोटांमध्ये. पाठ आरशात बघा किंवा घरच्याकडून बघून घ्या. लहान मुलांच्या डोक्यात कंगव्याने भांग पाडत पाडत बघा.

डोळ्यांपेक्षा बोटं बरी. ओल्या अंगावरून बोटांची टोकं हळू फिरवा, बारीक खवला अडकल्याची जाणीव झाली की थांबा. नवीन तीळ वाटला तर त्याला पाय आहेत का ते मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा.

## पायरी ५: चिकटलेली गोचीड काढणं

घाई नको, पण उद्यावरही ढकलू नका. ती जितका वेळ चिकटून राहील, तितकी जंतू अंगात जाण्याची शक्यता वाढते.

आधी काय करायचं नाही ते. रॉकेल, तंबाखूचा किंवा खर्र्याचा चोथा, चुना, नेलपॉलिश, तेल, उदबत्तीचा किंवा काडीचा चटका, यांतलं काहीही नको. "तिचा श्वास कोंडला की ती आपोआप सुटते" हे गावोगाव ऐकायला मिळतं. गोचीड बराच काळ श्वासाशिवाय काढू शकते. त्यात तुमचा वेळ जातो, आणि चिडलेल्या गोचिडीच्या पोटातला ऐवज जखमेत उतरायचा धोका वाढतो. चटक्याने तुमची कातडी भाजते ते वेगळंच.

आता काढायची रीत:

१. हात धुवा. जमल्यास हातमोजा किंवा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा. दुसऱ्याला मोबाइलची बॅटरी धरायला सांगा, उजेड बाजूने पडला पाहिजे. वरून पडला तर तुमच्याच हाताची सावली जागेवर येते.

२. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणून धरा. गोचिडीचं पोट वर असतं आणि तोंड कातडीत रुतलेलं. मधे अगदी अरुंद जागा दिसते, तिथे चिमटा लावायचा. चिमट्याची टोकं कातडीला समांतर, जवळजवळ टेकवून आत सरकवा. पोट चिमट्यात आलं तर सोडा आणि पुन्हा लावा.

३. सरळ वर, सावकाश, एकसारखा ओढा. कातडी तंबूसारखी उचलली जाईल. तिथेच थांबा, ओढ कमी करू नका आणि झटकाही देऊ नका. काही क्षणांत पकड सुटते. पिळायचं नाही, फिरवायचं नाही.

४. निघाल्यावर जागा साबणाने धुवा, वर बीटाडीन लावा, मग हात पुन्हा धुवा.

चिमटा नसेल तर बारीक सुती दोरा घ्या, सैल गाठीचा फास कातडीला टेकवून तोंडाभोवती घट्ट करा आणि दोन्ही टोकं धरून तसंच सावकाश वर ओढा. तेही जमत नसेल तर बोटांवर प्लास्टिक धरून तोंडाजवळ पकडा. चिमटा आणायला दुसऱ्या गावी जाण्यात दिवस घालवू नका.

तोंडाचा काळा तुकडा आत राहिला तर? वरवर दिसत असेल तर चिमट्याने काढून बघा. खोल असेल तर सुईने कोरू नका. काही दिवसांत कातडी तो बाहेर टाकते. कोरल्याने जखम पिकते आणि ती पिकलेली जागा बघून पुढे डॉक्टरांचाही घोळ होतो.

इशारा: काढलेली गोचीड नखांत, दगडावर किंवा चपलेखाली फोडू नका. तिच्या अंगातल्या रसात जंतू असू शकतात, आणि तो बोटावरच्या चिरेतून किंवा डोळ्यातून आत जातो. बैलाच्या गोचिडी हाताने वेचून फोडण्याची सवय इथे सगळ्यांनाच असते, तीही मोडा. डबीत थोडं स्पिरिट घालून तिला त्यात टाका, किंवा चिकटपट्टीत दोन्हीकडून बंद करा.

तपासा: एक सापडली म्हणजे काम संपलं नाही. पायरी ४ मधली सगळी यादी पुन्हा फिरा.

## पायरी ६: दोन ओळींची नोंद

गोचिडीचा आणि जागेचा फोटो काढा. मोबाइलमध्ये किंवा कॅलेंडरवर लिहा: तारीख, कुठे फिरलो, अंगावर कुठे सापडली. गोचीड सापडली नसली तरी झुडपात फिरलेल्या दिवसाची तारीख लिहा. हे काम एका मिनिटाचं आहे आणि बहुतेक लोक तेच वगळतात. मग पंधरा दिवसांनी ताप आल्यावर डॉक्टर विचारतात, "कुठे गेला होता?" आणि उत्तर येतं, "कुठेच नाही."

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

ताप नसताना "खबरदारी म्हणून" डॉक्सिसायक्लिन स्वतःच सुरू करू नका. चावल्याच्या जागी दोन-तीन दिवस थोडी लाली आणि खाज राहते, ती साधी गोष्ट आहे.

## पायरी ७: तीन आठवडे लक्ष

स्क्रब टायफसचा ताप चावल्यानंतर साधारण ६ ते २१ दिवसांत येतो, बहुधा दहा-बारा दिवसांनी. गोचिडीचा ठिपक्यांचा ताप त्याहून लवकर, काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत.

चिगर चावलेल्या जागी बरेचदा काळी खपली धरते. अर्धा ते एक सेंटिमीटर, मधे काळी, भोवती लालसर कड, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून ती कुणालाच कळत नाही. ती जांघेत, काखेत, नाड्याखाली, स्तनांखाली, कानामागे असते. सावळ्या अंगावर ती आणखी लपते. जवळची गाठ सुजलेली असू शकते. ताप आला की कपडे काढून ही खपली शोधा. सापडली नाही म्हणून आजार नाही असं मात्र ठरवू नका, कित्येक रुग्णांत ती नसते.

गोचिडीच्या तापात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुरळ येतं. ते तळहातांवर आणि तळपायांवरही असेल तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

## पायरी ८: ताप आला तर

पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच दवाखाना गाठा. "सलाईन लावा आणि ताकदीचं इंजेक्शन द्या" अशी मागणी करू नका. आत शिरताच हे सांगा: "मी अमुक तारखेला झुडपात, तलावाकाठी फिरलो होतो. गोचीड काढली होती. ही खपली बघा. मलेरिया, डेंग्यूबरोबर स्क्रब टायफसचाही विचार कराल का?" एवढं वाक्य दहा तपासण्यांचं काम करतं.

मलेरियाची तपासणी आधी होऊ द्या. गडचिरोली-गोंदियाच्या बाजूला तर ती टाळूच नका, आशाताईकडेही त्याची तत्काळ चाचणी असते. डेंग्यू नाही असं ठरेपर्यंत अंगदुखीला डायक्लोफेनॅक, ब्रुफेनसारख्या गोळ्या नकोत, पॅरासिटामॉलवर भागवा.

उशीर इथे होतो:

स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा चाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, कारण अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. संशय पक्का असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न बघता उपचार सुरू करतात, आणि तेच बरोबर आहे. "रिपोर्ट आल्यावर बघू" म्हणून घरचे लोक अडवतात, तसं करू नका.

अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन ही नेहमीची अँटिबायोटिकं या जंतूंवर चालत नाहीत. महागडी इंजेक्शनं तीन दिवस घेऊनही ताप हटत नसेल तर डॉक्टरांना हा प्रश्न पुन्हा विचारा. एकट्या विडाल चाचणीवर "टायफॉइड निघाला" म्हणून बाकीचा शोध थांबवणं, हेही आपल्याकडे रोजचं झालं आहे.

मुख्य औषध डॉक्सिसायक्लिन. मोठ्या माणसाला बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. किती दिवस, मुलांना किती, हे डॉक्टरच ठरवतील. गरोदर बाईने ते आधी सांगायलाच हवं, तिला ॲझिथ्रोमायसिनसारखा दुसरा पर्याय देतात. गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दूध आणि ॲसिडिटीचं औषध तिच्याबरोबर नको. औषध लागू पडलं की ताप साधारण ४८ तासांत उतरतो. उतरला नाही तर पुन्हा दाखवा, निदान दुसरं असू शकतं. उतरला तरी गोळ्या मधेच सोडू नका.

लगेच १०८ ला फोन करा: धाप लागणं, बरळणं किंवा गुंगी, झटके, लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं, कुठूनही रक्त येणं. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात वेळ घालवू नका. सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकल-मेयोसारख्या मोठ्या रुग्णालयात न्या, आणि झुडपात फिरल्याची तारीख तिथल्या डॉक्टरांनाही सांगा. पहिल्या दवाखान्यातून ती माहिती पुढे जाईलच असं नाही.

कोकणात सिंधुदुर्गकडे जंगलभटकंती करून आला असाल तर तेही सांगा. दोडामार्ग भागात २०१६ पासून क्यासनूर जंगल रोग, म्हणजे माकडताप, आढळतो. तो विषाणूचा आजार असल्याने डॉक्सिसायक्लिनचा त्यावर उपयोग नाही.

## पायरी ९: कुत्रं आणि कोठा

सोबत कुत्रं नेत असाल तर तुमच्या आंघोळीआधी त्याची तपासणी. कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. त्याच्या गोचिडी वरच्याच चिमट्याने, त्याच रीतीने काढा. तपकिरी गोचीड घरातच भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे अंडी घालते, म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. त्याचं अंथरूण कढत पाण्यात धुवा आणि भेगा बुजवा. औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे घ्या. घरात मांजर असेल तर तेही त्यांना सांगा, कारण कुत्र्यांची काही औषधं मांजरांना विषारी ठरतात.

कोठ्याजवळ मुलांचं खेळणं आणि लाकडांचा ढीग नको. अंगणाच्या कडेचं गवत पावसाळाभर कापून ठेवा, उंदीर कमी होतील असं बघा, कारण चिगर उंदरांच्या अंगावरच पोसले जातात. गवत कापणाऱ्यानेही त्या दिवशी पायरी २ पासून सगळं पाळायचं आहे.